उलट्या-जुलाब आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. बरोबर आहे का?

मैथिली_वारजे

नमस्कार मंडळी. मुलगा सव्वा वर्षाचा आहे. परवा रात्री जेवल्यावर अचानक उलट्या सुरू झाल्या आणि पहाटेपासून पाण्यासारखी शी. अंग थोडं कोमट आहे. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि ओआरएस, झिंकचं सिरप आणि उलटीसाठी एकच डोस दिला. म्हणाले, "व्हायरल आहे, अँटिबायोटिकने काही होणार नाही. पाणी पाजत राहा, अंगावरचं दूध चालू ठेवा."

घरी सगळे अस्वस्थ आहेत. सासूबाईंचं म्हणणं, एवढे जुलाब होतायत आणि डॉक्टरांनी जुलाब थांबायचं औषधच दिलं नाही, दुसरीकडे दाखवून सलाईन लावून घेऊ. नवराही आता त्यांच्याच बाजूला झुकलाय. मला डॉक्टरांचं पटतंय, पण रात्री बाळ मलूल दिसलं की धीर सुटतो.

आणखी एक कळत नाही. रोटाव्हायरसचे तिन्ही डोस वेळेवर झालेत आणि घरात पाणी उकळूनच पितो. मग हे आलं कुठून? पाळणाघरात आणखी तीन-चार मुलांना हेच चालू आहे. बरा झाल्यावर त्याला तिथे परत कधी पाठवायचं?

चिंगीची_आई

मैथिली, आधी एवढंच सांग, लघवी होतेय का? बाकी सगळं नंतर.

मैथिली_वारजे

होतेय, पण कमी. डायपरमध्ये नक्की कळत नाही गं.

चिंगीची_आई

मग डायपर काढ आणि काही तास साधा सुती लंगोट बांध. धुणं वाढेल, वाढू दे. शी पाण्यासारखी असली की डायपर ओला आहे तो लघवीने की शीने, हे कुणालाच सांगता येत नाही. लंगोटात लगेच दिसतं. आमच्या चिंगीच्या वेळी डॉक्टरांनी रोज पहिला प्रश्न हाच विचारला होता.

स्टेथोस्कोप

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे बाळाला तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलंय.

लहान मुलांच्या अशा आजाराला बहुतेक वेळा विषाणू कारण असतात: रोटा, नोरो, काही ॲडेनोव्हायरस, ॲस्ट्रोव्हायरस. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. उलट आतड्यातले चांगले जिवाणू मारून ते जुलाब वाढवू शकतं. उलट्या साधारण एक-दोन दिवसांत थांबतात, पण शी पातळ राहणं पाच ते सात दिवस चालू शकतं. हे आधी माहीत असलं तर तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलायची घाई होत नाही.

जुलाब "थांबवणारं" औषध, म्हणजे लोपेरामाइडसारख्या गोळ्या, लहान मुलांना अजिबात देऊ नका. त्या आतड्याची हालचाल मंदावतात. त्यातून पोट फुगतं आणि क्वचित जिवावर बेततं. मोठ्यांसाठी आणलेली पट्टी घरात असते, त्यातली अर्धी गोळी बाळाला दिलेली मी पाहिली आहे.

जुलाबाने मूल दगावतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून जेवढं बाहेर जातंय तेवढं आत घालायचं, उपचार तो आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली ओआरएस, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. वाटीने पाजायचं नाही. एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

ताबडतोब दवाखाना कधी? सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू नाहीत, तोंड कोरडं, टाळू खाली गेलीय, मूल उठवूनही नीट जागं होत नाही किंवा काहीच पीत नाही, शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, जोराचा ताप. यातलं एकही दिसलं तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका. सलाईन अशा मुलासाठी आहे. जे मूल चमच्याने पितंय त्याला शिरेत सुई टोचून काही जास्तीचं मिळत नाही.

सदाशिव_पेठी_नाना

वा, डॉक्टर! आम्हा पुणेकरांची ख्याती अशी की पाहुण्याला "पाणी हवंय का?" असं विचारायचं आणि तो नको म्हणाला की सुटलो म्हणायचं. बाळाच्या बाबतीत मात्र न विचारता पाजत राहायचं! 😄

कात्रजकर

नाना 😂😂

आजी_कर्वेनगर

अगं मैथिली, सासूबाईंवर रागावू नकोस. आमच्या पिढीने जुलाबाने गेलेली मुलं डोळ्यांनी पाहिली आहेत. माझ्या आईची दोन अशीच गेली. तेव्हा समज असा की जुलाब होतायत तर पाणी बंद करा, पोटाला विश्रांती द्या. दूधसुद्धा तोडायचे. म्हणून जुलाब म्हटलं की आमच्या पोटात गोळाच येतो.

त्यांच्या हातात चमचा-वाटी दे आणि सांग, "आई, दर दोन मिनिटांनी एक चमचा तुम्ही पाजा." हातात काम आलं की भीती कमी होते.

आणि आमच्या घरी अशा वेळी तांदळाची पेज, मुगाच्या वरणाचं पाणी, जायफळ उगाळून चाटण असायचं. जायफळाबद्दल डॉक्टर काय म्हणतात?

स्टेथोस्कोप

आजी, पेज आणि वरणाचं पाणी उत्तम, चिमूटभर मीठ घालून जरूर द्या. मऊ भात, केळं, ताक, दही, जे एरवी खातं ते थोडं थोडं द्या. उपाशी ठेवायचं नाही. आतड्याचं अस्तर भरून यायला अन्नच लागतं. जायफळ मात्र नको. जास्त पोटात गेलं तर मूल गुंगीत जातं आणि मग ती गुंगी जायफळाची की पाणी कमी झाल्याची, हे आम्हालाही ओळखता येत नाही.

आजी_कर्वेनगर

हे पटलं. गुंगीचं खरंच लक्षात आलं नव्हतं कधी.

कोथरूड_ते_कॅम्प

पण दात येताना जुलाब होतातच ना? सव्वा वर्षाचा आहे म्हणजे दाढा येत असतील. आमच्याकडे दोघांनाही तेव्हाच झाले.

चिंगीची_आई

दातांमुळे असे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. त्या वयात मूल रांगतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, हिरड्या शिवशिवतात म्हणून जास्तच घालतं. विषाणू तिथून जातो. दात आणि जुलाब एकाच वयात येतात, म्हणून जोडी जुळवली जाते. "दातांचे आहेत, होतील बंद" म्हणून दोन-दोन दिवस घरी काढलेली मुलं पार सुकून जातात, म्हणून मी यावर नेहमी भांडते.

कोथरूड_ते_कॅम्प

भांडा की, पण आमच्या आईशी तुम्हीच भांडा 🙂

सूक्ष्मदर्शी

लसीच्या प्रश्नावर लिहितो, माझं कामाचं क्षेत्र त्याच्या जवळचं आहे.

रोटाव्हायरस माणसात सापडला १९७३ मध्ये. मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाने आजारी मुलांच्या आतड्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तोवर अशा बहुतेक मुलांच्या आजाराचं कारणच कळत नसे. पुढे लक्षात आलं की जगातलं जवळपास प्रत्येक मूल पाच वर्षांचं होईपर्यंत एकदा तरी याच्या तावडीत येतं, बंगल्यातलं असो की वस्तीतलं. स्वच्छ पाण्याने कॉलरा, टायफॉइड खूप कमी होतात. रोटा त्या मानाने फारसा कमी होत नाही, कारण तो हात, खेळणी, दाराच्या कड्या यांवरून जातो आणि आजार व्हायला अगदी थोडे कण पुरतात. म्हणूनच लसीची गरज पडली.

आपल्याकडच्या रोटावॅक लसीचा विषाणू १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांकडून मिळाला. त्या बाळांना संसर्ग झाला होता पण जुलाब नव्हते. डॉ. महाराज किशन भान यांनी त्याचा पाठपुरावा केला. या लसीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपलं पुणे अशा तीन ठिकाणी झाली, इथली केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरमार्फत. ६,७९९ बाळं होती. दुसरी लस रोटासील, तीही आपल्या पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटची. सरकारी कार्यक्रमात रोटाची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडाने द्यायची, मोफत.

आता मैथिली यांचा मुद्दा. त्या चाचणीत रोटाच्या तीव्र आजारापासून मिळालेलं संरक्षण निम्म्याहून थोडं जास्त होतं. म्हणजे लस घेतलेल्या मुलाला रोटा होऊ शकतो, पण दवाखान्यात भरती करायची वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते. शिवाय नोरो, ॲडेनो यांवर ही लस नाहीच. तेव्हा तुमचे तीन डोस वाया गेले असं मुळीच समजू नका.

सदाशिव_पेठी_नाना

दिल्लीच्या तान्ह्या बाळांकडून निघालेला विषाणू पुण्याच्या बाळांच्या कामी आला! हे शाळेत शिकवायला हवं. सूक्ष्मदर्शी, धन्यवाद.

धायरीचा_टँकर

पाण्यावर मी बोलणार, नावच तसं आहे. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण निघाले तेव्हा काय दिवस काढले ते आम्हालाच ठाऊक. आधी जुलाब आणि मग पायातली ताकद जायची. एनआयव्हीने, म्हणजे आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू शोधला आणि काहींत नोरोव्हायरसही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: मुलांच्या पोटाचं मूळ पाण्यात. धरणातलं पाणी शुद्ध होऊन येतं, पण विहीर, टँकर आणि सोसायटीची जमिनीखालची टाकी यांचं काय? आमच्या टाकीचं झाकण फुटकं होतं आणि शेजारीच ड्रेनेजचं चेंबर. सभेत तीनदा विषय काढला तेव्हा कुठे टाकी धुतली.

सूक्ष्मदर्शी

टाकीच्या बाबतीत पूर्ण सहमत. पण मूळ फक्त पाण्यात आहे असं म्हटलं की मैथिलींसारख्या घरात घोळ होतो: पाणी तर उकळलंय, मग हात का धुवायचे? कॅम्पायलोबॅक्टर मुख्यतः दूषित पाणी आणि अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून येतो. रोटा आणि नोरो माणसाकडून माणसाकडे फार सहज जातात. एका पाळणाघरातली चार मुलं एकाच आठवड्यात आजारी पडली आणि घरची मोठी माणसं ठणठणीत असली, तर मी आधी हातांकडे आणि खेळण्यांकडे बघेन.

धायरीचा_टँकर

माझ्या पुतणीला जुलाब झाले तेव्हा आमच्या विंगेतली मोठी माणसंही आजारी होती. तेव्हा पाणीच होतं. पण ठीक, प्रत्येक वेळी तेच नसेल.

मैथिली_वारजे

इथे कालपासून सासरेबुवांच्या पोटात ढवळतंय आणि नवऱ्याला उलटी झाली 😔 पाणी सगळे तेच पितोय. म्हणजे बाळाकडून घरात पसरलं असावं. बाळाचं सांगायचं तर लंगोटामुळे कळलं की सकाळपासून दोनदा लघवी झाली. ओआरएस मात्र थुंकून टाकतोय.

राजगिरा_लाडू

थंड करून बघ. आमच्याकडे फ्रिजमधलं गार ओआरएस पटकन जायचं. औषधाच्या ड्रॉपरने गालाच्या आतल्या बाजूला सोडलं तर थुंकता येत नाही. थोडी मोठी मुलं ओआरएसची कुल्फी चोखतात.

ओआरएस करताना पाकिटावर पाण्याचं माप वाच. बाजारात एक लिटरचं मोठं पाकीट मिळतं आणि २०० मिलीचं लहानही. माझ्या नणंदेच्या शेजारी मोठं पाकीट एका पेल्यात कालवून मुलीला पाजलं होतं. रक्तातलं मीठ एवढं वाढलं की तिला भरती करावं लागलं.

स्टेथोस्कोप

राजगिरा लाडू यांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या लिटरमध्ये, असंही करू नका, क्षार सारखे मिसळलेले नसतात. अख्खं पाकीट, लिहिलेलं पूर्ण पाणी, चोवीस तासांत उरलेलं फेकून द्या. वरून साखर किंवा सरबत घालू नका.

ओआरएसमध्ये ग्लुकोज आणि मीठ ठरावीक प्रमाणात का, तर आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे दार उघडं असतं. साखर जास्त झाली की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणून शीतपेय, पॅकबंद ज्यूस, ग्लुकोजची नुसती पावडर ओआरएसच्या जागी चालत नाही.

दुकानात खोक्यातली गोड पेयं वर्षानुवर्षं ओआरएस म्हणून विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा यंत्रणा) जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस लिहायला बंदी घातली. तरी घेताना पाकिटावर संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघाच.

रात्री-अपरात्री पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट नको. सकाळी पाकीट आणा.

झिंक बंद करू नका. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०, आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण.

सदाशिव_पेठी_नाना

या पाकिटामागचा इतिहास इथे यायलाच हवा. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपातून वाटायला सुरुवात केली. नातेवाईकच रुग्णांना पाजत. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले आणि पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर, २०२३ मध्ये. मला याचं फार वाईट वाटतं. "नुसतं पाणी काय देताय" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगावी.

आजी_कर्वेनगर

नाना, मैथिलीच्या सासूबाईंना हे वाचून दाखवायला हवं.

मैथिली_वारजे

आत्ताच दाखवलं आजी. त्यांनी पूर्ण वाचलं आणि "मी बसते याच्याजवळ, तू दोन तास झोप" म्हणाल्या.

पाळणाघरवाली_ताई

मैथिलीताईंचा शेवटचा प्रश्न सगळ्यांच्या प्रतिसादांत राहूनच गेला. मी कोथरूडला पाळणाघर चालवते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते.

आमचा नियम: शेवटची उलटी किंवा पातळ शी झाल्यापासून पूर्ण ४८ तास मूल घरी. पालक रागावतात, मला कळतं. दोघांना ऑफिस असतं, आजी-आजोबा गावी असतात, रजा संपलेल्या असतात. सकाळी तापाचं औषध देऊन मूल सोडून जातात आणि दुपारी मला फोन करावा लागतो. मी त्यांना दोष देत नाही. पण एका मुलासाठी नियम सोडला की आठवडाभरात दहा घरांत रजा पडतात आणि माझ्या मावश्याही आजारी पडतात. नियम सगळ्यांना सारखा ठेवला तर पालकच एकमेकांना सांभाळून घेतात. आमच्याकडच्या दोन आयांनी आळीपाळीने घरून काम करायचं ठरवलंय, दोघींची बरी होत आलेली मुलं एकत्र बसतात.

शी बदलायची जागा आणि खाण्याची जागा वेगळी, बदलणारी मावशी भरवणार नाही. हात साबण-पाण्यानेच. सॅनिटायझरवर नोरोव्हायरस नीट मरत नाही, म्हणून मी त्या बाटल्या तिथून काढून टाकल्या. उलटी झाली की आधी कागदाने टिपून पिशवी बांधायची, मग ब्लीचच्या पाण्याने पुसायचं, आणि बाकीच्या मुलांना तोवर दुसऱ्या खोलीत न्यायचं. नुसत्या फिनेलवर अवलंबून राहत नाही.

स्टेथोस्कोप

४८ तासांचा नियम योग्य. त्यानंतरही काही दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत, शीमधून विषाणू बाहेर पडत राहतो. म्हणून मूल परत आल्यावरही डायपर बदलल्यावरची साबणाची सवय सोडायची नाही.

कात्रजकर

आमच्या पाळणाघरात असं काहीच नाही. विचारलं तर "सगळ्याच मुलांना होतं" म्हणतात. ताई, तुमचे नियम मराठीत टाइप करून इथे टाकता का? दारावर लावायला देतो.

पाळणाघरवाली_ताई

आज रात्री टाकते.

मैथिली_वारजे

ताजी खबर: उलट्या थांबल्या, शी पातळ आहे पण खेपा कमी झाल्यात. मऊ भात आणि ताक चार घास खाल्लं. ताई, ४८ तासांचं आमच्या पाळणाघराच्या ग्रुपवर टाकलं, दोन आया लगेच हो म्हणाल्या, एकीने विचारलंय की मग मीटिंगचं काय करू. तिच्याशी बोलते.

आता शेवटचा प्रश्न, जाऊबाईंचा. त्या माहेराहून परवा इथे येतायत, बाळ साडेतीन महिन्यांचं. रोटाचा तिसरा डोस याच आठवड्यात आहे. त्याला थोडी पातळ शी होतेय. डोस द्यायचा का? आणि आमच्या घरात हा प्रकार चालू असताना यावं का?

स्टेथोस्कोप

शी थोडीच पातळ असेल आणि बाळ नीट दूध पीत असेल तर डोस देता येतो. जोरात उलट्या-जुलाब असतील तर बरं होईपर्यंत थांबायचं, मग द्यायचा. डोसनंतरच्या आठवड्यात बाळ थांबून थांबून कळवळून रडलं, पाय पोटाशी घेतले, वारंवार उलट्या झाल्या किंवा शीमध्ये लाल जेलीसारखं दिसलं, तर लगेच दवाखान्यात न्या. आतडं आतड्यात शिरण्याचा हा प्रकार अतिशय क्वचित होतो, पण वेळेत गाठावा लागतो.

येण्याचं म्हणाल तर घरातल्या सगळ्यांची शेवटची उलटी-जुलाब होऊन दोन दिवस जाऊ देत, मग यावं. तोवर तिसरा डोस माहेरच्या आरोग्य केंद्रातही मिळेल, लसीकरणाचं कार्ड तेवढं बरोबर न्यायला सांगा.

मैथिली_वारजे

फोन केला. पुढच्या रविवारी येतायत, डोस तिकडेच घेऊन.